एक हजार की एक हजार चोवीस

उत्तरतालिका लागली त्या सोमवारी प्रेमिला खोब्रागडेच्या क्लासमध्ये अकराची बॅच चालू होती. इंदोरा चौकात औषधाच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर तिचा कॉम्प्युटर क्लास. दहा मशीन, त्यातली आठ चालणारी. गेली एकोणीस वर्षं ती टायपिंग, एक्सेल, इंटरनेट आणि सरकारी परीक्षांपुरतं संगणकज्ञान शिकवत आली होती. आजूबाजूच्या वस्त्यांतल्या किती कचेऱ्यांत तिचे विद्यार्थी बसले होते, याचा तिने कधी हिशोब ठेवला नव्हता, पण बँकेत किंवा तहसीलीत गेली की कोणीतरी खुर्चीवरून उठून "मॅडम, या" म्हणायचंच.

जिन्यावरून धाडधाड पावलं वाजली आणि दीक्षा आत आली. बसमधून उतरून धावत आली असावी, बोलायला तिला दम पुरत नव्हता.

"ताई, एकाहत्तरावा प्रश्न पाहा."

दीक्षा बेचाळीस वर्षांची. कन्हानजवळच्या एका ग्रामपंचायतीत ती अकरा वर्षांपासून कंत्राटावर कॉम्प्युटर चालवत होती. दाखले, घरपट्टी, ग्रामसभेचे ठराव, सगळं तिच्या बोटांखालून जायचं, आणि दर वर्षी तिचं कंत्राट वाढेल की नाही हे तिला शेवटच्या आठवड्यापर्यंत कळायचं नाही. कनिष्ठ लिपिकाची ही भरती तिच्यासाठी शेवटची होती. फेब्रुवारीत तिला त्रेचाळीस पूर्ण होणार होते, आणि तिच्या प्रवर्गाची वयोमर्यादा तिथेच संपत होती.

प्रेमिलाने तिच्या हातातला मोबाइल घेतला. प्रश्न होता: एक जीबी म्हणजे किती एमबी? पर्याय चार. शंभर, एक हजार, एक हजार चोवीस, दहा हजार. दीक्षाचं उत्तर एक हजार चोवीस. समोर लाल फुली. उत्तरतालिकेचं उत्तर एक हजार.

"हे काय लावून राहिले हे लोक!" प्रेमिला म्हणाली. मागच्या रांगेतली पोरं वळून बघायला लागली.

"तुमीच सांगतलं होतं ताई. माझी वही अजून आहे. दोन हजार तेराची. मी लाल पेनानं चौकोन करून ठेवलाय त्याच्याभोवती."

"अवं, पुस्तकात तेच आहे. दहावीच्या पोरापासून सगळे तेच शिकतात."

"मंग फुली काहून मारली?"

प्रेमिलाला उत्तर माहीत होतं आणि त्याचाच तिला राग येत होता. कॉम्प्युटर दुपटीने मोजतो. दोन, चार, आठ, सोळा, असं करत दहाव्या पायरीला एक हजार चोवीस येतात. हजाराच्या जवळ म्हणून जुन्या लोकांनी त्यालाच किलो म्हटलं, मग मेगा, मग गिगा. पेनड्राइव्ह आणि हार्डडिस्क विकणाऱ्या कंपन्यांनी मात्र सरळ हजाराने मोजलं. म्हणून तर एक टीबीची डिस्क घरी आणून लावली की नऊशे एकतीस जीबी दिसते आणि माणूस दुकानदाराशी भांडायला जातो. हा गोंधळ मिटवायला जगातल्या मानकं ठरवणाऱ्यांनी केव्हाच सांगून ठेवलं की गिगा म्हणजे हजाराच्या पटीतच. चोवीसवाल्या मोजणीला गिबी म्हणा. सीताबर्डीच्या एखाद्या दुकानात जाऊन कोणी गिबी मागितली असती तर दुकानदाराने त्याला भजी विकणाऱ्याकडे पाठवलं असतं.

म्हणजे दोन्ही उत्तरं बरोबर होती. आणि एका प्रश्नात दोन्ही पर्याय देऊन कुठल्यातरी शहाण्याने त्यातलं एक निवडलं होतं.

"किती झाले तुझे?" तिने विचारलं.

"एकशे सत्तेचाळीस. दोनशेपैकी. मागच्या भरतीत महिलांची यादी एकशे अठ्ठेचाळीसवर थांबली होती." दीक्षा खुर्चीवर बसली. "एका गुणासाठी मी पुन्हा पंचायतीतच बसू का? आता तर पुन्हा परीक्षाही नाही."

हरकत नोंदवायला तीन दिवस होते. सोमवार ते बुधवार, बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत. प्रेमिलाने बॅच सोडून दिली आणि ज्यांनी ज्यांनी ही परीक्षा दिली होती त्या आपल्या विद्यार्थ्यांना फोन लावायला घेतले. हरकती जितक्या जास्त तितकं बरं, असा तिचा विचार. दोघांनी एक हजार चोवीस लिहिलं होतं, पण त्यांचे गुणच शंभराच्या आसपास होते, ते म्हणाले, "जाऊ द्या न मॅडम." तिसरा फोन खुशीला.

खुशी चोवीस वर्षांची. तिचे वडील रुपराव कामठी रोडवर ई-रिक्षा चालवायचे. मागच्या वर्षीच तिचा कोर्स झाला होता, आणि प्रेमिलाच्या मते गेल्या पाच वर्षांत तिच्याइतकी लक्ष देऊन ऐकणारी पोरगी क्लासमध्ये आली नव्हती.

"मॅडम, माझा तो प्रश्न बरोबर आला," खुशी म्हणाली. "मी एक हजार लिहिलं."

"एक हजार?"

"तुमीच दाखवलं होतं न, पेनड्राइव्हचा डबा आणून. मागे बारीक अक्षरात लिहिलेलं. एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट. तुमी म्हणाल्या होत्या, पुस्तकात चोवीस आहे, पण खरं माप हे आहे."

प्रेमिलाला तो तास आठवला. उन्हाळ्याचे दिवस, कूलर बंद पडलेला, पोरं कंटाळलेली, आणि त्यांना जागं ठेवायला तिने टेबलावर डबा आपटून ते वाचायला लावलं होतं. दीक्षाच्या बॅचला तिने हे कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा तिला स्वतःलाच इतकं नीट माहीत नव्हतं.

"हाव, तेही बरोबर आहे," ती म्हणाली. "हे पाय खुशी, मी हरकत टाकून राहिली. दोन्ही उत्तरं धरा म्हणून. तुझा गुण कुठं जात नाही."

"काही हरकत नाही मॅडम. टाका."

"नक्की जात नाही. मी तसंच लिहीन."

आणि तिने तसंच लिहिलं. पर्याय दोन चुकीचा आहे असं कुठेही न म्हणता, दोन्ही मापं वापरात आहेत, प्रश्नात कोणतं ते सांगितलेलं नाही, म्हणून दोन्ही पर्याय ग्राह्य धरावेत, असा पाऊण पानाचा अर्ज. दीक्षाने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "ताई, सरळ लिवा न की आमचं बरोबर अन् त्याहीचं चूक."

"तसं लिहिलं तर खोटं होईल."

"मले खऱ्या-खोट्याचं नाही पडलं आता. मले गुण पाहिजे."

"गुणासाठीच करून राहिली मी. बस चूप."

मंगळवारी पुरावा जोडायची वेळ आली. सरकारमान्य पुस्तकाचं पान स्कॅन करून पीडीएफ लावायची होती. भरतीच्या संकेतस्थळाने बजावलं होतं: फाइल पाचशे केबीपेक्षा मोठी नको. पुस्तकाचं एक पान, अर्ज, डब्याचा फोटो, सगळं मिळून तीन एमबी झालं. प्रेमिलाने रंग काढले, बारीक केलं, अक्षरं फाटायला लागली तसं पुन्हा थोडं वाढवलं. तेवढ्यात संकेतस्थळाने त्यांना बाहेर काढलं. पुन्हा लॉगिन, पुन्हा दीक्षाच्या मोबाइलवर सहा आकडे, पुन्हा वाकडीतिकडी अक्षरं ओळखून टाकणं. त्या अक्षरांत एक शून्य होतं की इंग्रजी ओ, यावर दोघी भांडल्या. तीनदा चुकलं. चौथ्या वेळी सर्व्हर व्यस्त होता.

दुपारी दीक्षाने फाइल स्वतःच्या मोबाइलवर मागवून घेतली आणि तोंड पाडलं.

"पाचशे आठ दाखवून राहिला हा. घेणार नाही."

"कॉम्प्युटरवर चारशे शहाण्णव आहे."

"मंग फाइल वेगळी असंन."

"तीच आहे वं!" प्रेमिला ओरडली. "तुझा फोन हजारानं मोजतो, माझा कॉम्प्युटर चोवीसनं. पाच लाख सात हजार नऊशे चार बाइट. याला हजारानं भाग, पाचशे आठ. एक हजार चोवीसनं भाग, चारशे शहाण्णव. तेच तर लिहून राहिलो न आपण अर्जात!"

दीक्षा तिच्याकडे बघत राहिली आणि मग दोघीही हसल्या. त्या तीन दिवसांत त्या हसल्या तेवढ्या एकदाच.

फाइल लावली. गोल चक्र फिरलं, फिरत राहिलं, आणि हिरव्या अक्षरांत आलं: फाइल स्वीकारली.

प्रेमिलाचा हात माउसवरच थांबला. पाचशे केबीची मर्यादा. हजाराने धरली तर पाच लाख बाइट, आणि त्यांची फाइल त्याच्यावर गेलेली. चोवीसने धरली तर पाच लाख बारा हजार. म्हणजे ज्या संकेतस्थळावर एक हजार हेच उत्तर असं छापलं होतं, ते स्वतः एक हजार चोवीसने मोजत होतं.

"थांब," ती म्हणाली. "अजून सबमिट नाही करायचं."

तिने दोन फाइली बनवल्या. एक पाच लाख अकरा हजार बाइटची, एक पाच लाख तेरा हजाराची. पहिली घेतली. दुसरी लाल अक्षरांत परत आली: फाइल मर्यादेपेक्षा मोठी. दोन्ही वेळचे पडद्याचे फोटो काढले. दीक्षाला सगळं नीट कळलं नाही, पण ताईंच्या चेहऱ्यावरून काहीतरी सापडलं एवढं कळलं आणि ती खाली जाऊन दोन चहा घेऊन आली.

आता हे फोटोही अर्जाला जोडायचे, तर फाइल सातशेवर गेली. बुधवारची सकाळ पुन्हा बारीक करण्यात गेली. दीक्षाने पंचायतीतून सलग तिसरी रजा घेतली होती आणि ग्रामसेवकाचे फोन येत होते. साडेतीनला हरकत दाखल झाली. पोच म्हणून जो आकडा आला तो दोघींनी वेगवेगळ्या वह्यांत लिहून ठेवला.

त्यानंतर महिना काहीच घडलं नाही. प्रेमिला मेट्रोने दोनदा भरती करणाऱ्या विभागाच्या शहरातल्या कार्यालयात जाऊन आली. पहिल्यांदा सांगितलं, परीक्षा कंपनीने घेतली, कंपनीला विचारा. कंपनीचा फोन लागला तर म्हणे, निर्णय विभागाचा. दुसऱ्यांदा ती गेली तेव्हा ओमप्रकाश नावाचे एक वयस्क बाबू भेटले. त्यांनी तिला निदान बसायला सांगितलं.

"तुम्ही उमेदवार आहात का?"

"नाही. मी शिकवते."

"मग तुमचा काय संबंध?"

"मी दोन्ही उत्तरं शिकवली आहेत," प्रेमिला म्हणाली.

बाबूंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मॅडम, विषयतज्ज्ञ बसतात त्यासाठी. आमच्या हातात काही नाही. आम्हाला तर तज्ज्ञ कोण आहेत तेही कळत नाही." आणि मग आवाज खाली करून, "पण तुमचा तो मर्यादेचा फोटो मी पाहिला. आमच्या सेक्शनमध्ये सगळ्यांनी पाहिला."

डिसेंबरच्या शेवटी सुधारित उत्तरतालिका आली. प्रश्न क्रमांक एकाहत्तर: पर्याय दोन व तीन, दोन्ही ग्राह्य. कारण वगैरे काही दिलेलं नव्हतं. दीक्षाचे एकशे अठ्ठेचाळीस झाले. तिने पंचायतीतूनच फोन केला, आणि मागे कोणीतरी दाखल्यासाठी कुरकुरत असताना ती नुसती "ताई, ताई" म्हणत राहिली. प्रेमिलाने त्या दिवशी बॅचच्या पोरांना संत्रा बर्फी वाटली. तिने जसं मागितलं होतं अगदी तसं, शब्दाला शब्द, सरकारने दिलं होतं. असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं.

निवड यादी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लागली. त्यांच्या प्रवर्गात महिलांच्या सहा जागा. सहाव्या क्रमांकावर दीक्षा, एकशे अठ्ठेचाळीस गुण. प्रेमिलाने यादी खाली सरकवली. प्रतीक्षा यादी, क्रमांक एक. खुशी. एकशे अठ्ठेचाळीस गुण.

तिने पुन्हा वर जाऊन पाहिलं, पुन्हा खाली. गुण सारखे. जन्मतारखांचा रकाना होता, त्यात सतरा-अठरा वर्षांचं अंतर. खाली टीप होती: समान गुण असल्यास वयाने ज्येष्ठ उमेदवारास प्राधान्य.

तिने मशीनवरच्या पोरांना काहीतरी टाइप करायला दिलं आणि जिन्यात जाऊन उभी राहिली. गणित सोपं होतं, दुसरीतल्या पोरानेही केलं असतं. हरकत टाकली नसती तर दीक्षा एकशे सत्तेचाळीसवर राहिली असती आणि सहावी जागा खुशीची होती. तुझा गुण कुठं जात नाही, असं तिने खुशीला सांगितलं होतं. गुण गेलाच नव्हता. जागा गेली.

चार वाजता रुपराव आले. ई-रिक्षा खाली रस्त्यातच लावून आले होते, मागून हॉर्न वाजत होते. खुशी त्यांच्या मागे जिन्यात थांबली होती, आत यायला तयार नव्हती.

"मॅडम, मी शिकलेला माणूस नाही," रुपराव म्हणाले. "मले एवढंच सांगा. माह्या पोरीचं उत्तर बरोबर होतं का नाही?"

"होतं."

"सरकारनं बी पहिले बरोबरच म्हटलं होतं?"

"हो."

"मंग तुमाले काय गरज पडली होती? तुमीच शिकवता अन् तुमीच काटता? तिच्या मायनं गल्लीत सांगून ठेवलं होतं, पोरगी लागली म्हणून."

"रुपरावभाऊ, दीक्षाचंही उत्तर बरोबर होतं."

"असंन. पण एका सवालाचे दोन जवाब बरोबर कसे राहतात? माह्या रिक्षात पाच सवाऱ्या बसल्या तर पाचच बसतात न? का तुमच्या हिशोबानं सव्वापाच बसतात?"

प्रेमिला त्यांना समजावायला लागली. दुपटीची मोजणी, कंपन्यांची मोजणी, मानकं, गिबी. अर्ध्यातच तिला स्वतःचा आवाज ऐकू आला आणि ती थांबली. रुपराव हात जोडून उभे होते, आणि ते हात जोडणं नमस्काराचं नव्हतं.

"पप्पा, चला," खुशी दारात येऊन म्हणाली. मग प्रेमिलाकडे बघून, "मॅडम, तुमी चूक केली असं मी म्हणत नाही. मी तुमाले टाका म्हटलं होतं."

"तुला माहीत नव्हतं असं होईल ते."

"तुमाले माहीत होतं का?"

"नाही वं. खरंच नाही."

"माहीत असतं तर टाकली नसती का?"

हा प्रश्न प्रेमिलाने सकाळपासून स्वतःला विचारला नव्हता. विचारायची हिंमत झाली नव्हती. दीक्षाची ती लाल चौकोनवाली वही तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि समोर ही पोरगी, जिला तिनेच डबा वाचायला लावला होता.

"टाकली असती," ती शेवटी म्हणाली. "पण आधी तुला येऊन सांगितलं असतं."

खुशीने मान हलवली. पटलं म्हणून हलवली की नुसती, कळलं नाही. खाली कोणीतरी रुपरावांच्या नावाने शिव्या घालत होतं. दोघं उतरून गेले.

दीक्षाला हे आठवड्याने कळलं. तिने यादी नीट पाहिलीच नव्हती. स्वतःचं नाव दिसल्यावर खाली कोण बघतं? कागद तपासणीसाठी शहरात आली तेव्हा ती क्लासमध्ये डोकावली, नवी साडी नेसलेली, हातात फाइल.

"ताई, ती खुशी तुमच्याकडचीच का?"

"हाव."

दीक्षा फाइल मांडीवर घेऊन बसली. "मले तर आता अन्नच गोड लागत नाही. सकाळी वाटलं, सोडून द्यावं. मंग वाटलं, काहून सोडू? अकरा वर्षं दुसऱ्याचे दाखले काढले मी."

"कोणी सोड म्हटलं का तुला?"

"नाही. पण तुमच्या मनात असंन."

"माझ्या मनात काय आहे ते मला विचारू नको!" प्रेमिलाचा आवाज एवढा चढला की मागच्या मशीनवरचा विद्यार्थी टाइप करायचा थांबला. "तुझी जागा तुझी आहे. तिचीही होती. एक शब्द, दीक्षा! प्रश्न काढणाऱ्यानं एक शब्द जास्त लिहिला असता तर कोणाला काही झालं नसतं. कोणत्या मापानं, एवढं लिहायचं होतं फक्त. कोण आहे तो माणूस? मला त्याचं तोंड पाहायचं आहे. त्याला मानधन मिळालं असंन, चहा मिळाला असंन, तो घरी गेला. अन् मी इथं दोन पोरींच्या मधात बसली आहे."

दीक्षाने तिचा हात धरला. प्रेमिलाने तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही. थोड्या वेळाने दीक्षाची वेळ झाली आणि ती कागद घेऊन निघून गेली. मार्चमध्ये ती रुजू झाली, भंडारा रोडकडच्या एका कार्यालयात. पहिल्या दिवशीचा फोटो तिने पाठवला: टेबल, टेबलावर नावाची पाटी नाही अजून, पण टेबल स्वतःचं.

प्रेमिलाने परीक्षा घेणाऱ्या विभागाला एक सविस्तर पत्र लिहिलं. यापुढे मापनाचा प्रश्न विचारताना पद्धत लिहावी, आणि या भरतीत ज्या उमेदवारांचं दोन्ही ग्राह्य उत्तरांमुळे नुकसान झालं त्यांच्यासाठी जागा वाढवाव्यात. दीड महिन्याने एका ओळीचं उत्तर आलं: आपला अर्ज योग्य त्या कार्यालयाकडे वर्ग करण्यात आला आहे. ते योग्य कार्यालय कोणतं, हे लिहिलेलं नव्हतं. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं, फक्त जावक क्रमांक वेगळा.

प्रतीक्षा यादी वर्षभर चालणार होती. दर पंधरा दिवसांनी ती ओमप्रकाशबाबूंना फोन करायची. कोणी रुजू झालं नाही का, कोणाचे कागद अडकले का. दुसऱ्याच्या पोरीचे कागद अडकावेत अशी आपण वाट बघतो आहोत, हे तिला प्रत्येक वेळी फोन ठेवल्यावर जाणवायचं. शेवटी सहाही जणी रुजू झाल्या.

एप्रिलमध्ये नवी जाहिरात आली. प्रेमिलाने खुशीला फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.

"जाहिरात पाहिली का?"

"हो मॅडम. फॉर्म भरला."

"मग ये न. दुपारची बॅच रिकामी आहे. तुझ्यापुरतं मी वेगळं घेईन, पैशाचं काही नाही."

पलीकडे प्रेशर कुकरची शिट्टी वाजली.

"मॅडम, मी सीताबर्डीला क्लास लावला आहे. पप्पांनी फी भरली."

"बरं."

"तिथं सगळेच विषय घेतात, म्हणून."

"हो हो. चांगलं केलं. गणित पक्कं करून घे, तुझे गुण टक्केवारीत जातात."

"हाव मॅडम."

"अन् काही अडलं तर..."

"सांगीन मॅडम," खुशी म्हणाली, आणि दोघींपैकी कोणी फोन आधी ठेवला ते प्रेमिलाला नंतर आठवेना.

दुपारच्या बॅचचे चार जण येऊन बसले होते. एका मशीनचा माउस चालत नव्हता, तो पोरगा तिला हाका मारत होता. ती उठली, माउस उलटा करून त्याच्या खालची धूळ नखाने काढली, दोनदा टेबलावर घासून पाहिला. तरी चालेना. मग तिने कपाटातून दुसरा काढून दिला आणि त्या पोराला उगाचच जरा जास्त रागावून म्हणाली, "आता बस गुमान, अन् कामाला लाग."